मुंबईच्या अंगणातील कोंबड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनोरी, गोराई, मढ, वर्सोवा, खारदांडा अशा कोळीवाड्यांत आणि गावठाणांत, तसेच आरेतील पाड्यांवर, आजूबाजूच्या इमारती उंच होत गेल्या तरी घरामागचे खुराडे अजून टिकून आहे. अलीकडे तळमजल्याला थोडीशी मोकळी जागा असलेली कुटुंबेही चार कोंबड्या पाळण्याचा विचार करतात. आमच्या मनोरीच्या घरी आजीच्या काळापासून कोंबड्या असल्याने ओळखीची मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात, ते उत्तरांसह येथे दिले आहेत. विचारणारा सहसा जातीपासून किंवा खाद्यापासून सुरुवात करतो. मुंबईत कोंबडी हातची जाते ती मात्र बहुतेक वेळा ओल, उघडे राहिलेले दार आणि शेजाऱ्यांची तक्रार या तीन कारणांनी. त्यामुळे पुढील उत्तरांतही त्याच तीन गोष्टींना अधिक जागा मिळाली आहे.

मुंबईत घरी कोंबड्या पाळता येतात का?

घरच्या अंड्यांपुरत्या चार-सहा कोंबड्या पाळणे आणि विक्रीसाठी पक्षी ठेवणे किंवा कापणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. विक्री आणि कत्तल यांसाठी परवाना लागतो. घरगुती कोंबड्यांच्या बाबतीत प्रश्न येतो तो उपद्रवाचा. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा असून पाळलेल्या जनावरांमुळे शेजाऱ्यांना त्रास होत असल्यास त्यावर कारवाई करता येते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहत असाल तर आधी संस्थेशी बोलून घ्यावे आणि शक्यतो तसे लेखी घ्यावे. सामाईक आवार कुणा एकाचे नसते, आणि आज गंमत वाटणारे खुराडे उद्या वार्षिक सभेतील विषय होऊ शकते. गावठाणातील स्वतंत्र घरालाही भिंतीपलीकडे शेजारी असतोच. आमच्याकडे शेजारच्या दोन घरांत महिन्यातून एकदा अंडी जातात, आणि हा खर्च आम्ही कोंबड्यांच्या हिशेबातच धरतो.

गॅलरीत किंवा गच्चीवर कोंबड्या ठेवता येतील का?

गॅलरीत ठेवू नयेत. कोंबडीला माती उकरण्याची आणि मातीत लोळण्याची जागा लागते. ती नसली की पक्षी एकमेकांची पिसे उपटू लागतात. गच्चीवर सावली आणि मातीचा वाफा असेल तर जमू शकते, मात्र मे महिन्यात तापलेला स्लॅब आणि वरून घिरट्या घालणाऱ्या घारी यांची सोय आधी करावी लागते.

जागेचा साधा हिशेब असा, की रात्रीच्या खुराड्यात एका पक्ष्याला दोन चौरस फूट आणि दिवसा फिरायला निदान आठ ते दहा चौरस फूट जागा मिळावी. सुरुवात चार माद्यांनी करावी. एकच कोंबडी कधीही पाळू नये. हा कळपाचा पक्षी आहे आणि एकटा राहिला की खाणे सोडू शकतो.

कोणती जात घ्यावी?

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते, पण ती काटक असते, स्वतःचे पोट बऱ्यापैकी स्वतः भरते, मुंगसाची चाहूल तिला लवकर लागते आणि मुख्य म्हणजे ती खुडूक बसून, म्हणजे अंडी उबवायला बसून, पिल्ले काढते. हैदराबादची वनराजा आणि बंगळूरची गिरिराज या परसातील पालनासाठी तयार केलेल्या सुधारित जाती वर्षाला शंभराच्या वर अंडी देतात, अंगानेही भरतात, परंतु खुडूक क्वचितच बसतात आणि जडपणामुळे झाडावर उडून जीव वाचवू शकत नाहीत. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातील झाबुआची असून २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या काळ्या मांसाविषयी औषधी गुणांचे जे दावे ऐकू येतात, ते ऐकून जास्त पैसे मोजू नयेत. हौस म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्यावी.

केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागाचे केंद्र गोरेगावच्या आरे वसाहतीत आहे. सुधारित जातींविषयी प्रथम तेथे चौकशी करणे केव्हाही चांगले.

रस्त्यावर मिळणारी गुलाबी-हिरवी पिल्ले घ्यावीत का?

नाही. ही बहुधा अंडी देणाऱ्या जातींमधील, उबवणी केंद्राला नको असलेली नर पिल्ले असतात. त्यांना रंगवलेले असते, ऊब मिळालेली नसते आणि लस तर बहुतेक वेळा नसतेच. घरातील लहान मुलाने आणलेली अशी सहा पिल्ले आमच्याकडे एकदा आली होती. आठव्या दिवशी एकच उरले, आणि मोठे झाल्यावर तेही कोंबडाच निघाले.

अंड्यांसाठी कोंबडा आवश्यक आहे का?

अजिबात नाही. कोंबड्याशिवायही कोंबडी तितकीच अंडी घालते, फक्त त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. मुंबईच्या दाट वस्तीत कोंबडा न पाळणे हाच शहाणपणा आहे.

तरीही कोंबडा असेल तर त्याच्या आरवण्याचे कारण समजून घ्यावे. तो केवळ उजेड पाहून आरवत नाही. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखवून दिले, की कोंबड्याला शरीरातील घड्याळामुळे पहाट होण्याआधीच वेळ कळते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही ही म्हण खरीच. परंतु डालग्यावर जाड गोणपाट टाकून डालगे घराच्या आतल्या बाजूला ठेवले, तर शेजाऱ्याच्या कानावर पडणारा आवाज बराच कमी होतो. हवा खेळती राहील एवढी फट मात्र ठेवावी. कोंबडा आरवूच नये म्हणून त्याच्या गळ्याला पट्टा आवळण्याचा प्रकार काही जण करतात. तो क्रूर आहे आणि पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतो.

खुराडे कसे असावे?

खुराड्याचे तोंड दक्षिण-पश्चिमेकडे ठेवू नये, कारण पावसाळ्यात वारा आणि झड तिकडूनच येते. जमीन जोत्यापेक्षा निदान दीड फूट उंच असावी. वरचे पत्रे पुढे दोन फूट बाहेर काढावेत, म्हणजे वळचणीचे पाणी दारात पडत नाही. दोन भिंती बंद आणि दोन भिंती जाळीच्या, अशी रचना मुंबईच्या दमट हवेला मानवते. चारही बाजूंनी बंद केलेल्या खुराड्यात विष्ठेतील अमोनियाचा उग्र वास साठतो आणि कोंबड्यांना सर्दी होते. सकाळी दार उघडल्यावर आपले डोळे चुरचुरले, तर पक्ष्यांनी रात्रभर तेच सोसले असे समजावे.

जाळीच्या बाबतीत काटकसर करू नये. बाजारात कोंबड्यांची म्हणून मिळणारी षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्यावी आणि ती जमिनीत फूटभर गाडावी, कारण घूस खालून उकरत येते. दाराला साधी कडी न लावता वळवून बंद होणारी खिटी लावावी. बसण्यासाठी दोन फुटांवर एक दांडा असावा. तो गोल गुळगुळीत पाइपाचा न करता दोन इंच रुंद लाकडाचा करावा. अंड्यांसाठी चार कोंबड्यांमागे एक खोके पुरते.

आमची स्वतःची चूक सांगतो. एका जुलैत खुराड्याची खालची फळी पाण्याने कुजली होती, बोट लावले की तिचा भुगा हातात येत असे, आणि ती रविवारी बदलू असे आम्ही म्हणत होतो. गुरुवारी रात्री मुंगूस त्याच जागेतून आत शिरले. त्याने चार तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, मारल्या आणि एकही नेली नाही, सगळ्या दांड्याखाली ओळीने पडलेल्या होत्या. फळी शुक्रवारी बदलली.

पावसाळ्यात कोणती काळजी घ्यावी?

मुंबईतील कोंबडीपालनाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत असते. खुराड्यात जमिनीवर भाताच्या तुसाची तीन-चार इंच जाड गादी घालावी. लाकडाचा भुसाही चालतो, पण अगदी बारीक नसावा. गादी रोज सकाळी हाताने उलटीपालटी करावी, ओला भाग काढून टाकावा आणि आठवड्यातून एकदा थोडी चुन्याची पूड मिसळावी. मूठभर तूस दाबून पाहावे: मूठ उघडल्यावर ते सुटे झाले तर गादी ठीक आहे, गोळा तसाच राहिला तर बदलायला हवी.

ओल्या गादीतूनच रक्ती हगवण येते. हा आजार आतड्यातील सूक्ष्म परजीवींमुळे होतो आणि तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत झपाट्याने पसरतो. पिल्लू पिसे फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभे राहिलेले दिसले आणि विष्ठेत लालसर रंग दिसला, की त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून औषध आणावे. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

पावसाळ्यातील दुसरा शत्रू म्हणजे खाद्यातील बुरशी. मका आणि शेंगदाणा पेंड दमट हवेत लवकर बुरसतात आणि त्या बुरशीचे विष उन्हात वाळवून किंवा शिजवून जात नाही. म्हणून या दिवसांत खाद्य पंधरा दिवसांपुरतेच आणावे, घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवावे आणि पिंप जमिनीवर न टेकवता विटांवर ठेवावे. कुबट वास आलेले खाद्य फेकून द्यावे. ‘कोंबडीच तर खाणार आहे’ हा हिशेब महागात पडतो. सांडलेल्या खाद्यावर उंदीर येतात आणि उंदरांच्या मूत्रातून माणसाला लेप्टोस्पायरोसिस होण्याचा धोका असतो, म्हणून संध्याकाळी खाद्याची भांडी आत घ्यावीत. पावसाळ्यात खुराडे साफ करताना अनवाणी जाऊ नये.

उन्हाळ्यात?

सावली, आणि दिवसातून दोनदा बदललेले गार पाणी. पाणी मातीच्या पसरट भांड्यात ठेवावे. पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी ठेवून धापा टाकणाऱ्या कोंबडीला सावलीत नेऊन तिचे पाय पाण्यात भिजवावेत. ऑक्टोबरमध्येही हेच करावे लागते, आणि तेव्हा नेमके लक्ष राहत नाही.

खायला काय द्यावे आणि काय देऊ नये?

मोठी कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाते. दिवसभर मोकळी फिरणारी गावठी कोंबडी त्यातील बराच भाग किडे, गवत आणि सांडलवंड यांतून मिळवते. पिल्लांना आठ आठवड्यांपर्यंत पिल्लांचे स्टार्टर खाद्य द्यावे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या लेअर खाद्यात कॅल्शियम जास्त असते, ते लहान पिल्लांच्या मूत्रपिंडांना घातक ठरते. तांदळाची कणी, बाजरी, भिजवलेला कोंडा, मेथी-पालकाची देठे, कलिंगडाच्या साली हे सारे पूरक खाणे आहे. केवळ कणी आणि शिळा भात यांवर ठेवलेली कोंबडी लठ्ठ होते आणि अंडी कमी देते. अंड्याच्या कवचासाठी शिंपले कुटून वेगळ्या वाटीत ठेवावेत. आमच्याकडे तिसऱ्यांच्या कालवणानंतर उरलेले शिंपले धुऊन, भाजून, पाट्यावर भरडतात.

मासळीचे डोके-शेपूट शिजवून थोडे दिले तर चालते, रोज दिले तर अंड्याला मासळीचा वास येतो. खारवलेली मासळी, लोणच्याचा खार आणि वेफर्स यांतील मिठाने कोंबडी मरू शकते. हिरवट बटाट्याच्या साली, कच्चा राजमा, चॉकलेट, अव्होकाडो आणि बुरसटलेला पाव देऊ नये. कोळीवाड्यातील एक खास धोका थर्माकोलचा आहे. मासळीच्या फुटक्या पेट्यांचे पांढरे मणी कोंबड्या दाणे समजून अधाशासारखे टिपतात आणि ते गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत साचतात. ती पिशवी सकाळी उपाशीपोटी रिकामी लागायला हवी. तेव्हाही घट्ट लागली तर पशुवैद्यकाला दाखवावे.

अंडी अचानक बंद का झाली?

कोंबडी साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की अंडी सुरू होतात. वर्षातून एकदा ती पिसे गाळते आणि तेव्हा दोन-तीन महिने अंडी थांबतात. हा आजार नव्हे. दिवस लहान झाल्यावरही अंडी कमी होतात, कारण सातत्याने अंडी देण्यासाठी तिला चौदा-सोळा तासांचा उजेड लागतो. मात्र कारणे शोधण्याआधी अडगळीमागे, नारळाच्या झावळ्यांच्या ढिगात आणि होडीच्या ताडपत्रीखाली पाहून यावे. बंद झालेली अंडी पुष्कळदा तेथे सापडतात.

खुडूक कोंबडीचे काय करावे?

पिल्ले हवी असतील तर तिला फळलेली अंडी देऊन रवणीला बसवावे. एका गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात. ती आठवड्याहून जुनी नसावीत आणि फ्रिजमध्ये ठेवलेली नसावीत. बसवताना सगळी अंडी एकाच दिवशी ठेवावीत, नाहीतर पहिली पिल्ले निघाल्यावर ती उठून जाते आणि मागची अंडी वाया जातात. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे विजेरी धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसल्या तर अंडे जिवंत आहे, नुसता स्वच्छ उजेड दिसला तर ते काढून घ्यावे. २१ व्या दिवशी पिल्ले निघतात. कवच फोडायला पिल्लाला मदत करण्याचा मोह आवरावा.

पिल्ले नको असतील तर तिला दोन-तीन दिवस, खाणे-पाणी नीट देऊन, खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावे. पाण्यात बुडवून काढण्याचा जुना उपाय करू नये.

यंत्रातून काढलेल्या किंवा आईविना आलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यावी. पिल्ले दिव्याखाली गर्दी करत असतील तर थंडी आहे, दिव्यापासून दूर पळत असतील तर उष्णता जास्त आहे.

थोड्याशा कोंबड्यांना लसीकरणाची गरज आहे का?

आहे, आणि या उत्तरात कोणतीही सवलत नाही. राणीखेत, म्हणजे आपल्याकडे जिला मानमोडी म्हणतात ती, विषाणूमुळे होते. मान वाकडी होणे, हिरवट हगवण, पाय लुळे पडणे ही तिची लक्षणे असून तिच्यावर औषध नाही. एकदा शिरली की लस न दिलेले खुराडे आठवड्याभरात रिकामे होते. पिल्ले पाच ते सात दिवसांची असताना राणीखेतवरील लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो या विषाणूजन्य रोगाची लस, सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची आणि आठव्या आठवड्यात राणीखेतचे इंजेक्शन, असा सर्वसाधारण क्रम असतो. नेमके वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे.

अडचण अशी, की लसीची एक कुपी शेकडो पक्ष्यांसाठी असते, आणि ती पाण्यात मिसळल्यावर सुमारे दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतील पाच-सात घरांनी एकच दिवस ठरवावा. कुपी दुकानापासून घरापर्यंत बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच आणावी. बोटीच्या रांगेत पिशवीत तासभर राहिलेली लस देणे आणि न देणे सारखेच. आजारी पक्ष्याला लस देऊ नये.

शंका आल्यास परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. ही संस्था १८८६ पासून चालू आहे. रस्त्यावरील दवाखान्यात प्रत्येक पशुवैद्यक कोंबडी तपासतोच असे नाही, त्यामुळे तपासणारा कोण हे कोंबडी ठणठणीत असतानाच शोधून ठेवावे.

बर्ड फ्लूची बातमी आली की काय करावे?

भारतात या रोगाचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीपाठोपाठ मुंबई परिसरातील मृत पक्ष्यांतही संसर्ग आढळला. अशा काळात कोंबड्या मोकळ्या सोडू नयेत, पाण्याची भांडी कावळ्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावीत आणि बाजारातून नवे पक्षी आणू नयेत. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले, तुरा निळसर पडला, डोके सुजले, तर मृत पक्ष्याला उघड्या हातांनी स्पर्श न करता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. बाधित ठिकाणाच्या एक किलोमीटर परिघातील पक्षी नष्ट केले जातात आणि त्यांची भरपाई मिळते. पक्षी लपवून ठेवणे हा सगळ्या वाडीशी केलेला खेळ आहे. नीट शिजवलेले अंडे आणि मांस खाण्यास हरकत नसते.

उवा आणि पिसवा कशा घालवाव्यात?

कोंबडीला कोरड्या मातीत लोळू द्यावे. घमेल्यात बारीक माती आणि चुलीची राख मिसळून ते पावसाळ्यातही छपराखाली ठेवावे. रात्री विजेरी घेऊन दांड्याच्या भेगा पाहाव्यात, कारण रक्त पिणारे लाल किडे दिवसा तेथे लपतात आणि रात्री बाहेर येतात. कोंबडीवर औषध लावून दांडा तसाच ठेवला तर काहीही उपयोग होत नाही. कीटकनाशकाचे प्रमाण आणि त्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हे विचारूनच वापरावे.

साप किंवा बिबट्या आल्यास?

अंडी आणि उंदीर यांच्यामागे धामण येते, कधी नागही येतो. साप, मुंगूस, बिबट्या या सर्वांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना मारू नये, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांनी अंधार पडण्यापूर्वी पक्षी मजबूत खुराड्यात घ्यावेत आणि कोंबडीची आतडी-पिसे बाहेर टाकू नयेत, कारण त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

गटारीच्या आधी कोंबड्या चोरीला जातात, त्यावर उपाय आहे का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आषाढातील शेवटच्या आठवड्यात आमच्या गल्लीत दरवर्षी एखादे तरी खुराडे फुटते. कुलूप लावावे, दिवा लावावा, आणि आपल्या पक्ष्यांच्या पायांत ओळखीची रंगीत कडी घालावी. त्यानंतर श्रावणात उलटा प्रश्न उभा राहतो: घरात कोणी अंडे खात नाही आणि कोंबड्या मात्र घालतच राहतात. न धुतलेले अंडे कवचावरील नैसर्गिक थरामुळे अधिक टिकते, म्हणून माती नुसती कोरड्या फडक्याने पुसावी, अंडी फ्रिजमध्ये टोकाकडील बाजू खाली करून ठेवावीत. शंका आल्यास अंडे पाण्यात सोडावे: तळाशी आडवे राहिले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर टाकून द्यावे.

अंडी देणे थांबलेल्या म्हाताऱ्या कोंबडीचे काय करावे?

तीन वर्षांनंतर अंडी झपाट्याने कमी होतात, कोंबडी मात्र सात-आठ वर्षे सहज जगते. म्हणून हा निर्णय पिल्ले आणण्यापूर्वीच घरात बोलून ठेवावा, विशेषतः मुलांनी त्यांना नावे ठेवली असतील तर. कापायची असेल तर तिचे मांस चिवट असते, मंद आचेवर दीड-दोन तास शिजवावे लागते. सांभाळायची असेल तर तिच्यासाठी दांडा खाली घ्यावा. आमच्याकडील सर्वांत म्हाताऱ्या कोंबडीने दोन वर्षांत अंडे घातलेले नाही, पण घार दिसली की पहिली हाक तिचीच असते, आणि संध्याकाळी बाकीच्या तिच्याच मागून खुराड्यात शिरतात.